दारावरचा पोचा

मित्रांनो, मी नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातला एक जुना फ्रिज आहे. दारावरचा हा पोचा कारखान्यातला नाही. तो मला एका बापाने दिला.

आलो तेव्हा वाटलं होतं, औषधं ठेवतील. ठेवलं दूध, तेही चमचा-चमचा, चिमुकल्या बाटल्यांत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांची आतडी ओल्या कागदासारखी कच्ची. कधी ती सुजतात, सडतात, फाटतात. आईच्या दुधाने तो धोका कमी होतो, म्हणून तेच नळीतून थेंबाथेंबाने देत. थोरल्या सिस्टरबाईंचा दरारा असा, की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवत नसे.

एकदा जुळे आले, तळहातावर मावतील एवढे. आईला पान्हा फुटेना. "दुसऱ्या आईचं दूध संध्याकाळपर्यंत येतंय, थांबा," सिस्टरबाई म्हणाल्या. बापाला दम कुठला! "माझी पोरं उपाशी मारता?" म्हणत त्याने डॉक्टरांची गचांडी धरली आणि थोरल्याला डब्याचं दूध द्यायला लावलं. धाकट्याला धाप होती, म्हणून त्याला काहीच पाजलं नव्हतं; तो वाचला. चौथ्या दिवशी थोरल्याचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं, काळंनिळं पडलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण आतडं सगळं मेलेलं होतं. थोरला गेला.

दुसऱ्या सकाळी बाप नवा डबा घेऊन आला.

"धाकट्याला हे पाजा."

"दादा, आता वहिनींना दूध आलंय," सिस्टरबाई म्हणाल्या. "आत अकरा बाटल्या आहेत."

"थेंबांनी कोण जगतं? एक गिळलात, आता हाही?"

त्याने लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव सिस्टरबाईंच्या हातावर; हाड मोडल्याचं मी ऐकलं. दुसरा माझ्यावर. कडी तुटली, दार उघडलं, चार बाटल्या फरशीवर फुटल्या.

तेवढ्यात आई पोटाचे टाके धरून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"मारा! आधी मला मारा. त्या चार बाटल्या म्हणजे माझी अख्खी रात्र होती."

स्टूल हातातून गळालं. तो सिस्टरबाईंना म्हणाला, "खरं सांगा, माझ्यामुळे गेला का तो?"

मोडका हात छातीशी धरून त्या म्हणाल्या, "एकट्या डब्याने गेला, असं मी म्हणणार नाही. आतडी कच्चीच होती. पण याला तरी आईचं मिळू द्या. आणि आधी ते दार लावा, गारवा चाललाय."

कडीच नाही, तर दार राहणार कसं? त्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि पाठ टेकून दार दाबून धरलं. पोलीस आले. तो म्हणाला, "कारागीर येऊ द्या साहेब, मग न्या."

धाकटा दोन किलोचा होऊन घरी गेला. सिस्टरबाईंचा हात मात्र पुन्हा सरळ झाला नाही. रंगारी पोचा बुजवायला आला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "राहू दे."

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. तुमच्या घरी कधी असं इवलंसं बाळ आलं, तर हात धुवा आणि थेंबांना हसू नका. माझ्यासारखा कुणी दिसला, तर त्याचं दार तेवढं नीट लावा.