गिरजाबाईंचा बियांचा तुंबा

कुरखेड्याजवळच्या एका गावात गिरजाबाईंची सांदवाडी, म्हणजे घरामागची भाजीची वाडी, सगळ्यांच्या डोळ्यात भरायची. पण १९८६ साली आषाढ सरत आला तरी वाफे उघडेबोडके. ना वाल, ना बरबटीच्या शेंगा. आणि दोष कोणाला? सून कमळाला! उन्हाळ्यात तिचा नवरा गेला होता, आणि घर झाडताना तिने आढ्याला टांगलेला बियांचा तुंबा, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं भांडं, खाली उतरवला होता. विधवेचा हात लागला म्हणून बी मेलं, असा निकाल गिरजाबाईंनी देऊन टाकला. आपल्याकडे असले निकाल फार लवकर लागतात.

त्या तुंब्याचे नियम जुने. तो सवाशिणीनेच उघडायचा, आणि कधी रिकामा करायचा नाही. उरलेल्या जुन्या बियांवरच नव्या ओतायच्या.

"माहेरी धाडा, मूल गावच्या गाडीत बसवून द्या तिले," गिरजाबाई नवऱ्याला, देवरावांना म्हणाल्या. "नाई तर वावरही उगवणार नाई."

कमळा पिशवी घेऊन दारात उभी होती. माहेरी भावाच्या घरात तिला जागा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा देवरावांची थोरली बहीण मनकर्णाबाई खाटेवर उठून बसल्या. त्याही विधवा, तरुणपणीच भावाकडे परत आलेल्या. पेरणीपासून हिवतापाने पडून होत्या.

"गिरजा, तुंबा आण. अन् बी फोडून पाह्य."

गिरजाबाईंनी वालाचं बी नखाने दाबलं. पोकळ! दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. नुसता भुगा निघाला आणि एक बारीक भुंगेरा तळहातावरून चालू लागला.

"किडलेल्यात नवं ओतलं तं तेही किडते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे कवाचंच मेलं हाय."

"पण दरसाली तं उगवत होतं, बाई."

"तुहं नाई उगवलं. मागून मीच मातीत टोबलं, माह्या खाटेखालच्या गाडग्यातलं बी. राखेत कोरडं ठेवलं तं जुनं बीही उगवते. यंदा ताप आला, टोबणं झालं नाई."

गिरजाबाई तुंब्यापाशी खाली बसल्या.

"भाजीचा पहिला तोडा मी देवीले वाहिला, बाई. दरसाली."

"मंग देवीनं परत पाठवला का?"

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू भाजी उकिरड्यावर फेकली असती. अन् मले कुठी फेकलं असतं?" मनकर्णाबाईंनी कमळाकडे बोट दाखवलं. "मी जन्मभर चोरून पेरलं. या पोरीनं तसं जगू नये."

मग गिरजाबाई उठल्या. कमळाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिच्या हातात मनकर्णाबाईंचं गाडगं ठेवलं.

"चाल," त्या म्हणाल्या. "उजेडी पेर. सारा गाव पाहू दे."

तुंबा त्यांनी स्वतः उकिरड्यावर पालथा केला.

बंधुभगिनींनो, बी उगवतं ते जपून ठेवल्याने आणि ओलाव्याने. पेरणारीच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, हे मातीला कळत नाही. आपल्याही घरात कधी रिकामा न केलेला असा एखादा तुंबा टांगलेला असेल. तो आज खाली उतरवा, आणि त्याच्यापायी दारात कोणाला उभं केलं आहे, तेही पाहा.