दुसऱ्या तळ्याकाठी

चाकणला फिटर असलेला बुद्धरत्न आणि त्याची बायको मिनल कॅम्परव्हॅन पायथ्याशी लावून डोंगरावरची तळी पाहायला निघाले होते. दुसऱ्या तळ्याकाठी दोन दारुडे एका म्हाताऱ्या गुराख्याचं डोकं पाण्यात दाबत होते.

“सोडा त्याला!” बुद्धरत्न धावला. एकाने बाटली फोडून त्याच्या दंडात खुपसली. मिनलने दगड उचलून त्या माणसाच्या तोंडावर हाणला. तो कोसळला, दुसरा पळाला.

“गुरं हितंच पाणी पित्यात. काचा टाकू नका, एवढंच म्हनलो,” म्हातारा खोकत म्हणाला.

मिनलने ओढणी फाडून नवऱ्याचा दंड बांधला आणि उरलेला तुकडा घेऊन ती पडलेल्याकडे वळली.

“त्याला कशाला?” बुद्धरत्न संतापला.

“माझ्या हातून मरायला नको.”

तो माणूस कण्हला, तेव्हा तिला रडू फुटलं.