साहेबांचं पत्र परत येत नाही

साहेबांना नाकावर माशी बसलेली खपत नसे, आणि ती नेमकी सकाळी कॉम्प्युटर उघडला की बसायची. सगळ्या मेलच्या वर ती सूचना वाढून ठेवलेली असे: आपला संदेश पोहोचू शकला नाही, असा पत्ता अस्तित्वात नाही. आपली चूक आपल्याला कळावी म्हणून देवाने माणसाला लाज दिली आहे. साहेबांच्या वाट्याची लाज बहुधा वाटेतच कुठेतरी गहाळ झाली असावी. सूचना वाचली की ते स्वतःकडे न बघता स्क्रीनकडे डोळे वटारून बघत.

पत्ते ते आठवणीतून टाइप करत. यादी उघडून पत्ता बघणं हे कारकुनाचं काम, आणि आलेल्या मेलवरच 'उत्तर' हे बटण दाबणं तर त्याहून हलकं. शाखाप्रमुखाने कसं, कोरं पत्र उघडावं, वर पत्ता स्वतःच्या बोटांनी घालावा, पाठवावं आणि खुर्चीत मागे रेलावं. साहेब रेलत छान. पत्र तेवढं परत येई.

"माझं पत्र परत येतं म्हणजे काय?" एके दिवशी त्यांनी वायरमास्तरला बोलावून विचारलं. वायरमास्तर म्हणजे ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस. गळ्यात कायम एखादी वायर लोंबत असे, आणि अंगचोरीत त्याचा हात धरणारा त्या इमारतीत दुसरा कुणी नव्हता.

"साहेब, पत्ता चुकला की सर्व्हर तसं कळवतो."

"मी चुकत नाही. तुमचा सर्व्हर उद्धट आहे. बंद करा ते."

"सर्व्हर?"

"परत येणं बंद करा हो!"

वायरमास्तरने मान खाजवली. "त्या सूचना कुणाला न दाखवता एका पेटीत टाकता येतील म्हणा. सगळ्या शाखेच्याच. पण मग पत्र पोचलं नाही, हे कळणार कसं?"

"परत आलं नाही म्हणजे पोचलं. साधी गोष्ट आहे."

सरळ माणूस इथे दोन शब्द जास्त बोलला असता. वायरमास्तरला मात्र "माझा मेल का परत आला?" म्हणून दिवसभर डोकं खाणारे फोन आठवले, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. एरवी साधा प्रिंटर जोडायला आठवडा लावणाऱ्या या गृहस्थाने हे काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. पेटीचं नाव ठेवलं 'अडगळ'.

त्या महिन्याच्या अहवालात साहेबांनी छातीठोक लिहिलं: न पोहोचलेले संदेश, शून्य. पुढच्या महिन्यातही शून्य. बाकीच्या शाखांत शेकड्यांनी पत्रं परत येत होती आणि ही एकच शाखा अशी सोवळी. मुख्य कार्यालयाने साहेबांना भाषणाला बोलावलं. "शिस्त," साहेब म्हणाले, "दुसरं काही नाही, शिस्त." टाळ्या पडल्या. इकडे शाखेत मेल पाठवला की लोक लगेच फोन उचलून विचारू लागले, "पोचला का हो?" खरेदी विभागातल्या बाई तर म्हणायच्या, "आता मेल कशाला पाठवायचा? फोनवर वाचूनच दाखवते." ही कुजबुज साहेबांच्या काचेच्या दारापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची.

आणि मग ते पद चालून आलं. मुख्य कार्यालयात जुने प्रमुख निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचा मेल आला: आपल्या शाखेतून एकही पत्र वाया जात नाही, तेव्हा सबंध विभागाची जबाबदारी आपणच घ्यावी. होकार शुक्रवारपर्यंत लेखी कळवावा.

साहेबांनी मेल मोठ्याने वाचला, मग बंद केला, आणि आपल्या रीतीप्रमाणे कोरं पत्र उघडलं. मुख्य प्रमुखांचा पत्ता त्यांना झोपेतसुद्धा पाठ होता. होकार गेला. साहेब रेलले.

घरी बायकोने त्याच संध्याकाळी जावेला फोन लावला. मोठं घर मिळणार, गाडी मिळणार, पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत. जाऊबाईंच्या नवऱ्याला आजवर बढतीचं नुसतं आश्वासन मिळालं होतं, त्यामुळे हा फोन जरा लांबलाच. पण शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला, आणि तिकडून अवाक्षर नाही.

"अहो, एकदा विचारा तरी. होकार पोचला ना?"

"परत आलं नाही."

"तसं नाही, एक फोन करायला काय जातं तुमचं?"

"फोन केला की आपण ताटकळतोय असं दिसतं. तुला नाही कळायचं."

सोमवारी फोन आला तो मोठ्या बाईंचाच. आवाज शांत होता. "आपलं उत्तर आलं नाही. शेजारच्या शाखेच्या प्रमुखांच्या नावाचा आदेश आज संध्याकाळी निघेल."

"मी पाठवला होता होकार! परत आला नाही!"

"इथे पोचला नाही. वाटेत अडकला असेल, तर पोचला नाही अशी सूचना तुमच्याकडे असायला हवी. ती पाठवा, मी आदेश थांबवते." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "पण तुमच्या अहवालात तर शून्य आहे. तुमच्याकडचं पत्र अडकतच नाही. मग मी असंच समजू ना, की तुम्ही पाठवलं नाहीत?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वायरमास्तरला बोलावलं आणि दार लावून घेतलं. वायरमास्तरने अडगळ उघडली. खाली, आणखी खाली, सगळ्या शाखेची न पोचलेली पत्रं स्क्रीनवरून वर सरकत गेली. ऑर्डरी, माफ्या, रजेचे अर्ज. वायरमास्तर एका ओळीवर थांबला. "हे बघा, सापडलं. तुम्ही जुन्या साहेबांच्या पत्त्यावर टाकलंय. ते निवृत्त झाल्यावर खातं बंद झालं ना!"

सूचना समोर होती. एक बटण दाबलं की पद हातात. साहेबांचं बोट पुढे गेलंही.

"पाठवा की," वायरमास्तर म्हणाला. "फक्त एक आहे. त्या विचारतील, शून्य होतं तर ही आली कुठून? मग पेटी दाखवावी लागेल. पेटीला नाव मी दिलंय, पण हुकूम तुमचा होता हं." एवढं स्पष्ट हा माणूस वर्षभरात पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही स्वतःची कातडी वाचवायला.

साहेबांनी बोट मागे घेतलं. शून्य गेलं की भाषण गेलं, टाळ्या गेल्या, चौकशी आली, कदाचित ही खुर्चीही गेली. चूक कबूल करायची आणि पद गमवायचं, की नुसतंच पद गमवायचं? साहेबांना विचार करायला फार वेळ लागला नाही.

"पुसून टाका," ते म्हणाले. "सगळी पेटी."

मग त्यांनी मोठ्या बाईंना फोन केला आणि आवाजात भारदस्तपणा आणत म्हणाले, "मी पाठवलंच नव्हतं. घरगुती अडचण आहे. मघाशी जरा गोंधळ झाला."

"ठीक आहे. मग नकार तेवढा लेखी कळवा."

"उत्तर देण्याचं बटण दाबा साहेब, म्हणजे..." वायरमास्तर दारातून म्हणाला.

"मला शिकवू नका!"

साहेबांनी कोरं पत्र उघडलं. बोटं आपोआप सरसर चालली, वर्षानुवर्षं चालत आली होती तशीच, त्याच पत्त्यावर. पत्र गेलं. साहेब रेलले. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला.

"काय झालं हो? जाऊबाई सकाळपासून तीनदा विचारून झाल्या."

"मीच नको म्हटलं. असली दगदग कोण घेतो? लेखी कळवलंय तसं."

 बायकोने हळूच विचारलं, "ते तरी पोचलं ना?"

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. वर काही नव्हतं. स्वच्छ होतं.

"परत आलं नाही," साहेब म्हणाले.