सखाचा दुसरा व्हिडिओ

नोटीस इंग्रजीत होती. खाली मराठीत एकच ओळ होती. सर्व सुपरवायझरनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत लीडरशिपचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करावा, ऐंशी टक्क्यांच्या खाली राहणाऱ्यांना मूळ पदावर पाठवण्यात येईल.

मूळ पद म्हणजे ऑपरेटर. म्हणजे परत रिअ‍ॅक्टरखाली, परत निळा ड्रेस. आदेश चार वर्षं सुपरवायझरचं पांढरं हेल्मेट घालत होता. जुने निळे ड्रेस त्याने आईला फडक्यांसाठी देऊन टाकले होते आणि वरसे गावातल्या त्याच्या नव्या फ्लॅटची फरशी आई त्याच फडक्यांनी पुसायची. एवढं एक लक्षात ठेवा, ह्या माणसाला परत निळा ड्रेस घालायचा नव्हता. पुढे त्याने जे केलं ते एवढ्यासाठीच केलं. दुसरं कारण शोधायला जाऊ नका, सापडणार नाही.

कोर्स मोबाईलवर होता. बारा धडे. कोट घातलेला एक माणूस, ज्याच्या हाताला जन्मात ग्रीस लागलं नसेल, हसत हसत सांगायचा की लीडर कसा असतो. लीडर ऐकतो. लीडर खुर्ची सोडून माणसापर्यंत चालत जातो. व्हिडिओ पुढे ढकलता यायचा नाही. दर सहा मिनिटांनी पडद्यावर चौकोन उगवायचा, 'तुम्ही हजर आहात का?' दहा सेकंदांत 'होय' दाबलं नाही तर धडा पहिल्यापासून.

घरी बसून करावा असं नोटिशीत लिहिलं होतं. बारा तास प्लांटमध्ये उभा राहून घरी गेलेला माणूस कसला धडा बघतोय! सगळे सुपरवायझर ड्यूटीवरच, कंट्रोल रूममध्ये, कानात इयरफोनची बोंडं घालून बघायचे. मॅनेजरला माहीत होतं. एच. आर.च्या निशिगंधा मॅडमना माहीत होतं. कोणी काही बोलत नव्हतं, कारण सगळ्यांचे आकडे वेळेत भरले जात होते.

सातव्या धड्याला गृहपाठ आला. नाव होतं 'अवघड संवाद'. हाताखालच्या माणसाला त्याची चूक दाखवायची, त्याने ती कबूल करायची, सुधारणेच्या कागदावर दोघांनी सह्या करायच्या आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. वीस मार्क.

आता कॅमेऱ्यासमोर उभा राहून चूक कबूल करणारा कामगार रोह्याच्या अख्ख्या एमआयडीसीत शोधून मिळाला नसता. आदेशला मात्र शोधावं लागलं नाही. त्याच्याकडे सखा होता.

सखा कासूचा. सकाळच्या गाडीने यायचा, संध्याकाळच्या गाडीने जायचा. आदेश नवा नवा प्लांटमध्ये आला तेव्हा भोंगा वाजला की घाबरून जिना उतरायचा. त्याला हाताला धरून शिकवलं ते सखाने. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हला, सखाच्या भाषेत वॉलला, लावायचं, मूठ कानाला. आत शिट्टी ऐकू आली की समजायचं, चाक बंद दिसलं तरी व्हॉल्व्ह पासिंग करतोय, वाफ पुढे जातेय. "चाकावर विश्वास ठेवायचा नाय, कानावर ठेवायचा," सखा सांगायचा. शिफ्टमध्ये तो आता आदेशला साहेब म्हणायचा. गेटच्या बाहेर पडला की आदेशच.

आणि सखा नट होता. माघी गणपतीला कासूला नाटक व्हायचं, त्यात अठरा वर्षं रडायचं काम सखाकडे. दुसऱ्या अंकात तो मान खाली घालायचा तेव्हा बाया पदर डोळ्यांना लावायच्या. स्वतःची भाषणं पाठ, समोरच्याचीही पाठ. कोणी अडकला तर ओठ न हलवता पुढचं वाक्य पुरवायचा.

आदेशने भाषणं लिहून आणली. सखाने वाचली आणि हसत सुटला.

"माझ्याकडून अनवधानाने त्रुटी राहिली, असं कोण बोलतो रं? तुझा बाप बोलतो? मी आपला माझ्या भाषेत बोलतो."

ट्रेनिंग रूममध्ये मोबाईल स्टँडला लावला. सखा उभा राहिला, हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला, मान खाली घातली.

"साहेब, लाइन खोलायच्या आधी वॉल बघायला पायजे होता. नाय बघितला. कंटाळा केला. चूक माझीच हाय."

आदेशच्या अंगावर काटा आला. कोर्समध्ये शिकवलेली सँडविच पद्धत त्याने सुरू केली. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी परत गोड. "सखा, तुझं काम एक नंबर आहे. पण सेफ्टीमध्ये तडजोड नाही." आणि इथे तो अडकला. तीनदा अडकला. तिसऱ्या वेळी सखाने मान तशीच खाली ठेवून, ओठांच्या कोपऱ्यातून पुरवलं, "आपण एक टीम आहोत."

"आपण एक टीम आहोत," आदेश म्हणाला.

वीसपैकी एकोणीस मिळाले. परीक्षकाने शेरा मारला होता, कामगाराची प्रतिक्रिया अत्यंत खरी वाटली.

"मला पाठव की तो. मैनाला दाखवतो," सखा म्हणाला. मैना त्याची बायको.

"पाठवतो," आदेश म्हणाला आणि विसरला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, रिअ‍ॅक्टरची लाइन साफ करायला खोलायची होती. नियम असा की सुपरवायझरने स्वतः जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह बघायचा, त्याला कुलूप घालायचं, मग परमिटवर सही. आदेशचा अकरावा धडा चालू होता. सखा कंट्रोल रूमच्या दारात आला.

"साहेब, वॉल एकदा बघून घ्या. मला पासिंग वाटतोय. ऐकलाय मी."

आदेशने एक बोंड काढलं. पडद्यावर चौकोन कधीही येणार होता. त्याने परमिट ओढलं, बसल्या जागी सही केली आणि हात हलवला. "काय नाय होत. कर सुरू." बोंड परत कानात गेलं.

सखा परत खाली पोचायच्या आतच, सही काय होणारच असं धरून, हर्षदने बोल्ट ढिले केले होते. हर्षदही कासूचाच, कंत्राटातला. लाइनमध्ये अडकलेली वाफ त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत आली. ओरडणं कंट्रोल रूमपर्यंत गेलं, पण बोंडाच्या आत गेलं नाही. आदेशने 'होय' दाबलं.

हर्षदला पनवेलच्या हॉस्पिटलात हलवलं. शुक्रवारी निशिगंधा मॅडमनी आदेशला बोलावलं. टेबलावर एकच कागद होता.

"हा तुमचा कोर्सचा रेकॉर्ड. तीन चौतीसला होय. तीन चाळीसला होय. अपघात तीन अडतीसचा."

"मॅडम, सगळेच ड्यूटीवर करतात. तुम्हालाही..."

"मला काय?"

आदेश कागदावरचे आकडे परत वाचू लागला.

"परमिटचा कागद सापडत नाहीये," मॅडम म्हणाल्या. कंपनीत कागद हरवतात, फक्त कुठला हरवायचा ते आधी ठरलेलं असतं. "पण तुमचा सातव्या धड्याचा व्हिडिओ मी बघितला. ह्या सखाला तुम्ही तीन आठवड्यांपूर्वीच ताकीद दिली होती. व्हॉल्व्ह बघितला नाही म्हणून. आता तेच झालं."

"मॅडम, ते तर..."

"काय? नाटक होतं?" त्यांनी चष्मा काढला. "कोर्सच्या नियमांत लिहिलंय, संवाद खरा हवा. खोटा पाठवला असेल तर शून्य. शून्यावर तुमचे किती टक्के होतात ते बघा."

आदेशने बघितले नाहीत. त्याला पाठ होते. त्याला निळा ड्रेस दिसला, आईच्या हातात, पिळून बादलीच्या कडेला टाकलेला.

"नाटक नव्हतं मॅडम."

"मग ह्या अपघाताचाही एक संवाद घ्या. तुम्हाला छान जमतं."

मॅडमनी फसवायला सांगितलं नव्हतं. ती युक्ती आदेशची स्वतःची. कोर्समध्ये त्याला पुढाकार म्हणतात.

"सखादा, तो व्हिडिओ उडाला रे," त्याने संध्याकाळी स्टेशनवर गाठून सांगितलं. "परत करायला लागणार. नायतर माझे वीस मार्क गेले."

शनिवारी सखाची सुट्टी होती. तरी गाडी पकडून आला. दाढी घोटून केलेली, ड्रेसला इस्त्री. "गेल्या टायमाला लय बावळा दिसलो असेन," म्हणाला. "मैना बोलली, कॅमेऱ्यासमोर जातास तर माणसासारखा जा."

आदेशने नवीन भाषण हातात दिलं. सखाने वाचलं. ह्या वेळी हसला नाही.

"यात हर्षदचं नाव हाय."

"खरं वाटायला पाहिजे ना."

"नको आदेश. त्याचा हात बघितलास तू? मी काल जाऊन आलो. बोटं चिकटलीत एकमेकाला."

"परीक्षक बेंगळुरूला बसलाय. त्याला काय माहीत हर्षद कोण न् सखा कोण."

"पण मी तर तुला सांगितलेलं, वॉल पासिंग हाय."

"अरे, ते खरं झालं. हे नाटक आहे."

सखाने कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याला एकदा वाचलेलं पुरायचं. "व्हय, तेबी खरंच म्हणा," म्हणाला. "तुझे मार्क नको जायला. लाव तुझा मोबाईल."

आणि त्याने ते केलं. कागदावर होतं ते सगळं बोलला. वॉल बघितला नाही, सुपरवायझरने सांगूनही बघितला नाही, हर्षदचा हात माझ्यामुळे गेला. आणि मग कागदावर नव्हतं ते आलं. त्याचा आवाज फुटला. "त्याच्या आयशीला मी काय तोंड दाखवू, साहेब? पोर जेवायला बसला तर कोणी भरवायचा त्याला?" हे रडणं हर्षदसाठी होतं, खरं होतं. आदेशला ते कळलं. त्याने मोबाईल बंद केला नाही. उलट एका बोटाने जरा वर सरकवला, चेहरा नीट यावा म्हणून.

सखाने डोळे पुसले, सुधारणेच्या कागदावर सही केली, तारीख घातली, ड्रेसचा नंबर घातला.

"कसा झाला?"

"चांगला."

"आधीच्यापेक्षा?"

"आधीच्यापेक्षा चांगला."

सखा खूश झाला. त्या दिवशी आदेशचा बारावा धडाही संपला. एक्क्याण्णव टक्के.

सोमवारी गेटवर सखाने कार्ड मशीनला लावलं तर लाल दिवा लागला. परत लावलं, परत लाल. गेटवरच्या खालिदने बंद पाकीट पुढे केलं. पत्रात लिहिलं होतं, आपल्या स्वतःच्या कबुलीनुसार आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे.

सखा हसला. खरंच हसला. "अरे खालिद, हे नाटकातलं हाय. त्यांना खरं वाटलं बहुतेक."

खालिदने पत्र उलटसुलट करून बघितलं. "भाऊ, शिक्का खरा हाय," म्हणाला आणि मान दुसरीकडे फिरवली.

इथवर झालं ते नोकरीचं. पुढचं त्याहून वाईट. हर्षदच्या घरचे भरपाई मागायला कंपनीत आले तेव्हा कंपनीने त्यांना तो व्हिडिओ दाखवला. बघा, तुमच्याच गावचा माणूस, स्वतःच्या तोंडाने सांगतोय. कोणीतरी तो मोबाईलवर घेतला आणि दोन दिवसांत अख्ख्या कासूने बघितला. अठरा वर्षांत सखाचं काम एवढ्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं. हर्षदची आई सखाच्या पडवीत येऊन बसली आणि दुपारभर शिव्याशाप देत राहिली. सखा आतून बोलत होता, "वयनी, ते खोटं हाय गो." ती म्हणाली, "रडताना तर खरा होतास!" नाटकमंडळाने यंदा दुसरा माणूस बघायचं ठरवलं. पेणला मैना ज्या कारखान्यात गणपती रंगवायची तिथल्या बाया तिच्या शेजारी पाट टाकेनात.

रविवारी सकाळी सखा आणि मैना दोघं वरसेला आली. आदेशच्या आईने दार उघडलं, फडकं हातात तसंच. मैनाच्या नखांत पिवळा रंग होता. ती बसली नाही.

"भाऊजी, आम्ही भांडायला नाय आलो. तुम्ही एकच बोला तिकडं. नाटक होतं, एवढंच. नोकरी गेली तर गेली. गावात तोंड दाखवता येऊ दे."

आदेशने खुर्चीत पाठ ताठ केली. धड्यात सांगितलं होतं, समोरचा भावनेत असेल तर आपण पद्धत सोडायची नाही.

"वैनी, तुमच्या भावना मी समजतो."

"काय समजता? तुम्हाला ठाव होतं ना?"

आदेशने तिच्याकडे बघितलंच नाही. तो सखाकडे वळला. सखा दाराजवळ उभा होता, मान खाली. पत्राची सुरळी करून तो बोटाला गुंडाळत होता.

"सखादा, तुझं काम एक नंबर होतं. त्यात वाद नाही. पण सेफ्टीमध्ये तडजोड..." आदेश थांबला. "तडजोड नाही. आणि..."

आई फडकं हातात धरून उभी होती. मैना त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुढचं त्याला काही केल्या आठवेना.

सखाने मान वर केली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून, हळू, त्याने पुरवलं.

"आपण एक टीम आहोत. हे राहिलं, साहेब."

आणि आदेशने ते म्हटलं. ह्या वेळी अडखळला नाही.