आठ पूर्णांक एकचा मुहूर्त

हर्षालीचा साखरपुडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन बुलेट आणि एका बंद पडलेल्या रिक्षाच्या मधोमध झाला, कारण वर तिसऱ्या मजल्यावर दोन मासे श्वास घेत होते.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. साखरपुडा ठरल्याप्रमाणे रणजीतच्या हॉलमध्ये झाला. घरच्या कुणालाही विचारा, शपथेवर हेच सांगतील. फक्त सांगताना एकमेकांकडे बघणार नाहीत.

तर रणजीत म्हणजे हर्षालीचा थोरला भाऊ, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर गिअरचे दात मोजायचे आणि संध्याकाळी काळेवाडीत येऊन समुद्र मोजायचा. खरा समुद्र तिथून चार तासांवर, पण रणजीतने फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवून तो हॉलमध्येच आणला होता. तीन फुटांची काचेची टाकी, आत नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे. एकाचं नाव ओके. दुसरा मोठ्या दुखण्यातून उठला होता, म्हणून दुरुस्त करून पास झालेल्या गिअरसारखा तो रीवर्क.

याआधी तीन मासे वारले होते. त्यामुळे रणजीतच्या बायकोने, रश्मीने, निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं की आता आणखी एक मासा उताणा झाला की टाकी बाहेर आणि त्या जागी घरगुती पिठाची गिरणी. ती नुसतं बोलली नव्हती, टेप लावून माप घेतलं होतं. गिरणी दोन इंच राखून बसत होती.

समुद्राच्या पाण्याचा पीएच आठ पूर्णांक दोनच्या आसपास असावा लागतो. तो उतरला की पाणी आंबटाकडे झुकतं आणि माशांची तोंडं उतरतात. रणजीत रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आत पेनाएवढं मीटर पाण्यात बुडवायचा आणि आकडा फ्रिजवरच्या तक्त्यात भरायचा. मीटरवर ‘पुढील तपासणी दिनांक’ असं स्टिकर होतं. तसंच एक फ्रिजवरही होतं. रश्मीवर नव्हतं, ते केवळ तिच्या हजरजबाबीपणामुळे.

गुरुवारी साखरपुड्यासाठी गावाकडून अकरा पाहुणे उतरले. शुक्रवारी सकाळी आकडा सात पूर्णांक नऊ. शनिवारी सात पूर्णांक सात, आणि रीवर्क कोपऱ्यात वर्गाबाहेर काढल्यासारखा उभा. रणजीतने थोडं पाणी बदललं, मीठ तपासलं, स्वयंपाकघरातला खायचा सोडा घातला. आकडा जरा उठला आणि पुन्हा बसला. त्या दिवशी रश्मीचा ढोकळाही बसला, तो मात्र उठलाच नाही.

मग रणजीतने कंपनीत शिकवतात ते केलं. कागद घेतला आणि पाच वेळा ‘का’ विचारलं. पीएच का पडला? पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरला. का मुरला? खोलीतल्या हवेत साठला. का साठला? खिडक्या बंद. का बंद? नदीवरचे डास, आणि एसी फक्त हॉलमध्ये. मग एवढा वायू का येतोय, आणि कुठून? इथे रणजीतने मान वर केली. समोर अकरा नातेवाईक श्वास सोडत बसले होते.

हे सांगायचं कुणाला? टाकीला खेटून तानाबाई आत्या बसल्या होत्या. आल्यादिवशीच त्यांनी बोट बुडवून पाणी चाखलं होतं आणि एवढं खारट कालवण कुणाला घातलंस तर ताट डोक्यात घालतील, असा शेराही दिला होता. रणजीतने त्यांना तक्ता दाखवला. त्यांना आकड्यांचं काही वाटलं नाही, पण बंद खिडक्यांचं सगळं कळलं.

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “पेवात धान्य काढाया उतरायच्या आदी आमी दिवा सोडून बघायचो. दिवा इझला तर मानूस उतरवायचं न्हाई. तुज्या हालात दिवा इझलाय, रणजीत.”

“मग काय करू आत्या? पाहुण्यांना श्वास घेऊ नका म्हणू?”

“घ्यायला कोन नगं म्हनतंय? सोडाया भाईर जा म्हन.”

पण तसं म्हणायची सोय नव्हती. रणजीतने टाकीत बुडबुडे सोडणाऱ्या पंपाला लांब नळी जोडली, एसीच्या पाइपाच्या भोकातून गॅलरीत काढली, आणि मासे बाहेरची ताजी हवा खाऊ लागले. रविवारी सकाळी आकडा आठ पूर्णांक एक. रणजीतने आनंदाच्या भरात दोनदा अंघोळ केली.

दहा वाजता कासारवाडीहून मुलाकडचे पंधराजण आले. इथले मासे बाहेरची हवा खातात ही बातमी चहाच्या आधी फिरली आणि सगळी वरात गॅलरीत. मुलाचे मामा भिमाजी सर्वांत जाणते, म्हणून नळीला आधी त्यांनीच तोंड लावलं. “हॅलो,” ते म्हणाले. आतून उत्तर न आल्याने त्यांनी जोरात फुंकर मारली. मग प्रत्येकाला एकेकदा हॅलो म्हणायचं होतं.

सव्वीस माणसांचा उच्छ्वास थेट टाकीत. सात पूर्णांक नऊ. सात पूर्णांक सात. सात पूर्णांक सहा. या चालीने मुहूर्तापर्यंत टाकीत लिंबू सरबत तयार झालं असतं. रीवर्क एका बाजूला कलला. रश्मीने रीवर्ककडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि गिरणीचा प्लग कुठे पोचेल ते नजरेनेच ठरवून टाकलं.

मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना बाहेर व्हा म्हणणं म्हणजे सोयरीक मोडायचा सर्वांत स्वस्त मार्ग. तेवढ्यात तानाबाई आत्या पदर खोचून उठल्या.

“आमच्यात पयली अंगठी जमिनीवर हुबं ऱ्हाऊन घालत्यात. माडीवर न्हाई. चार पिढ्यांची रीत हाय.”

अशी कुठलीही रीत नव्हती. पण भिमाजीमामा मागे हटणारे नव्हते. त्यांनी सांगितलं की त्यांच्यात हीच रीत पाच पिढ्या आहे.

दहा मिनिटांत पाट, पेढे, गुरुजी, नवरा-नवरी सगळं खाली पार्किंगमध्ये. रणजीत एकटा वर. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, मीटर पाण्यात धरलं आणि स्वतःचा श्वासही जमेल तेवढा कमी घेतला. सात पूर्णांक सात. सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक नऊ. खाली हर्षाली अंगठी हातात धरून भावाची वाट बघत ताटकळली होती. शेवटी रश्मीने फोन करून एवढंच विचारलं, “आकडा?”

रीवर्क सरळ झाला. फोनवरच सांगायचं रणजीतला सुचलं नाही. तो गॅलरीतून ओणवा होऊन ओरडला, “आठ पूर्णांक एक!”

गुरुजींना वाटलं मुहूर्त झाला. अक्षता उडाल्या, अंगठ्या घातल्या गेल्या, रिक्षावर पेढे मांडले गेले. रश्मीने वर बघून मान हलवली. टाकी राहिली. पुढच्या आठवड्यात गिरणीही आली, ती बेडरूममध्ये, रणजीतच्या बाजूला.

सोमवारी सोसायटीची नोटीस आली: पार्किंगमध्ये विनापरवाना कार्यक्रम केला काय? रणजीतने त्याच दिवशी लेखी उत्तर दिलं.

“प्रति, मा. सचिव. विषय: हवेबाबत. महोदय, रविवारी पार्किंगमध्ये कोणताही कार्यक्रम झालेला नाही. तेथे आढळलेल्या अक्षता वाऱ्याने आल्या असाव्यात. तथापि मार्गशीर्षात लग्न असून घरी दोनशे पाहुणे अपेक्षित आहेत. तरी सदनिका क्र. ३०२ च्या नळीसमोरील पाच फूट हवा ओके व रीवर्क यांच्या नावे कायमस्वरूपी राखीव करण्यात यावी. तसेच सर्व सभासद व त्यांचे पाहुणे यांनी श्वास इमारतीत घ्यावा, त्यास आमची हरकत नाही, परंतु तो गेटबाहेर जाऊन, रजिस्टरमध्ये नोंद करून सोडावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.”