कोठीतला भोंगा

विरुपाक्ष मास्तर रंभाबाईला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. माणूस बोलताना अगदी समोर येऊन उभा राहायचा, तोंड भलं मोठं उघडायचा आणि एकेक शब्द सुटा करून टाकायचा, जसा काही ऐकणारा खुळाच आहे. आणि बायका बोलायला लागल्या की डोळ्यांत न बघता थेट त्यांच्या तोंडाकडे बघायचा. मेल्याला आईबहीण आहे की नाही!

हा मास्तर सोलापुरातच कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि रविवारी सकाळी हौशी लोकांना जुन्या गिरण्या पायी फिरून दाखवायचा. आता काय म्हणावं? गिरणी बंद पडून वर्ष उलटलेलं, चाळीत एका वेळेची चूल पेटायची मारामार, आणि ही मंडळी टोप्या घालून, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून ती बघायला येणार! रंभाबाईच्या मते यात नक्की काहीतरी काळंबेरं होतं. दिवस आणीबाणीचे होते. कोण कुणाचा माणूस, सांगता येत नव्हतं.

तिची धास्ती उगाच नव्हती. तिच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या खाली गिरणीचा पितळी भोंगा लपवलेला होता. मालकाने भंगारवाल्याला बोलावल्याचं कळलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, बॉयलरवर काम करणाऱ्या जोतीरामने, तो छपरावरून उतरवून घरी आणला. "येंत्रं गेली तर नवी येत्याल," तो म्हणाला, "पन भोंगा वितळला की गिरणी कायमची गेली." साऱ्या चाळीला ते पटलं. पण सरकारदरबारी ती चोरीच. भोंगा सापडला तर जोतीराम आत जाणार, आणि त्या दिवसांत आत गेलेला माणूस बाहेर कधी येईल याचा नेम नव्हता.

म्हणूनच, गिरणीत काम केलेली एखादी बाई फेरीत सोबत हवी असं मास्तर म्हणाला, तेव्हा चाळीने रंभाबाईलाच पाठवलं. त्याच्यावर नजर ठेवायला. संगतीला सुंदरम्मा होती. गिरणीत दोघी सारी उमर शेजारी-शेजारी उभ्या राहिलेल्या.

गिरणीच्या फाटकात पंचाक्षरी साहेब दिसले आणि रंभाबाईने सुंदरम्माला कोपर मारलं. पंचाक्षरी म्हणजे गिरणीचे लेबर ऑफिसर, मालकांचा उजवा हात. "मालकांनी परवानगी दिली आहे," ते म्हणाले, "पण मी सोबत राहणार." मास्तरने हसून मान डोलावली. झालं! दोघांचं साटंलोटं आहे, याबद्दल रंभाबाईला आता तिळभर शंका उरली नाही.

फेरी निघाली. मास्तरने धुराडं दाखवलं, कापसाची गोदामं दाखवली, आणि बॉयलरच्या छपराखाली येऊन थांबला. वर नुसता पाइप उभा होता. मास्तर त्या रिकाम्या पाइपाकडे बराच वेळ बघत राहिला.

"मावशी, भोंगा इथंच होता ना?"

"मला काय ठावं? मी का छपरावर चढत हुते?"

पंचाक्षरी खाकरले. "चोरीला गेलाय. पण जाईल कुठं?"

तिथून सगळे मागांच्या साचेखात्यात शिरले. एवढे माग, पण हूं नाही की चूं नाही. पूर्वी इथे साचे धडधडत असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून गिरणीतली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची. हाताच्या खुणा असायच्या. खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, येताना दिसला की पहिली बघेल तिने हवेत मिशी पिळायची, की बाकीच्यांनी गुपचूप कामाला लागायचं. बाहेरच्याला त्यातलं काही म्हणता काही कळत नसे. घरी सासूसमोर सासूला नावं ठेवायलाही ती बोली लई कामाला यायची.

त्या जागी पाय ठेवल्यावर दोघींचे ओठ आपसूक हलायला लागले.

"कोटीतच हाय न्हवं?" सुंदरम्माने विचारलं.

"ज्वारीच्या खाली. चाळीत आले की मी दारात बसते बग, उटायचीच न्हाय."

"मास्तर आपल्याकडंच बगतुया."

"बगू दे मुडद्याला! घुबडावानी डोळे करून बायकांची तोंडं बगत फिरतुया. साहेबाचा कुत्रा हाय त्यो."

मास्तरने मान वळवली आणि मंडळींना मागाबद्दल सांगायला लागला. धोटा कसा धावतो, धागा तुटला की काय करतात, सगळं सांगितलं. पंचाक्षरी शेजारी उभे राहून ऐकत होते.

शेवटी फेरी चाळीत आली. चाळीच्या तोंडाशी गिरणीचे दोन वॉचमन येऊन बसले होते. सकाळी निघताना ते नव्हते. त्यात मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, कामगारांची खोली आतून बघायला मिळेल का?

"या बाईंचीच बघू की," पंचाक्षरी म्हणाले.

रंभाबाई उंबऱ्यावर फतकल मारून बसली. आता मला उचलून बाजूला करावं लागेल, तिने मनाशी ठरवलं.

"नंतर बघू, साहेब," मास्तर घाईने म्हणाला. "आधी नळाकडं चला. पाण्याची सोय गिरणीनं कशी केली ते तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?" पंचाक्षरी फुलले. नळापाशी लोकांना गोळा करून, चाळीकडे पाठ करून बोलायला लागले.

मास्तर त्यांच्या मागे उभा राहिला. रंभाबाईकडे बघून त्याने हात वर केला आणि हवेत मिशी पिळली.

रंभाबाईला वाटलं, भास झाला. मग मास्तरचे ओठ हलले. आवाज नाही, पण प्रत्येक शब्द लख्ख.

"संध्याकाळी झडती आहे. साहेब वाटेत बोलले. कोठीतून काढा."

म्हणजे साचेखात्यातलं सगळं याला कळलं होतं! कोठी, ज्वारी, आणि ते घुबड न् कुत्रासुद्धा!

"तुला कुनी शिकवलं?" तिने ओठांनीच विचारलं.

"आईनं. रत्नम्मा, साचेखाता. कान गेले तिचे. घरी आम्ही असंच बोलतो."

रंभाबाईने पदर तोंडाला लावला. म्हणून ते भलं मोठं तोंड! म्हणून ते ओठांकडे बघणं! साचेखात्यात त्याने लोकांना सगळं सांगितलं, पण ही बोली तेवढी सांगितली नाही. पंचाक्षरी शेजारी होते ना.

तरीपण खात्री कशी पटावी? भोंगा बाहेर काढायला लावून रंगेहाथ पकडायचा डाव असला तर? तिने सुंदरम्माकडे पाहिलं. सुंदरम्माचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग रंभाबाईने मास्तरकडे पाहिलं.

"तुला काय पडलंय रे भोंग्याचं?"

पंचाक्षरींची पाठच आहे ना, हे मास्तरने वळून बघून घेतलं, मग ओठ हलवले.

"आईला शेवटी तेवढाच ऐकू यायचा. रोज विचारते, आज वाजला का."

रंभाबाई उठली. आत जाऊन तिने कोठीत दोन्ही हात खुपसले. ज्वारी इकडेतिकडे सांडली, तिने बघितलंही नाही. गोणीत तळाला ज्वारी, मध्ये भोंगा, वर पुन्हा ज्वारी. तोंड सुतळीने आवळलं आणि गोणी ओढत थेट नळापाशी आणली.

"मास्तर, ही ज्वारी आईला न्या. मंद्रूपची हाय, भावाकडची."

मास्तरने गोणी खांद्यावर घ्यायला वाकून जोर लावला, तसा कळवळला. पंचाक्षरींनी खालून हात दिला. "भलतीच जड आहे हो!"

"दाना भरल्याला हाय सायेब," रंभाबाई म्हणाली.

मंडळी निघाली. वॉचमन उठले. पंचाक्षरींनी हात हलवून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गोणी त्यांच्यामधून गेली. जोतीरामचं सारं आयुष्य त्या गोणीत होतं, आणि ते रंभाबाईने घडीभरापूर्वीपर्यंत ज्याला शिव्या दिल्या त्याच्या खांद्यावर होतं. असं कुणी करतं का? तिला रडू येत होतं न् हसूही.

कोपऱ्यावर पोचून मास्तरने मागे वळून पाहिलं. तिथून हाक ऐकू आली नसती. पण रंभाबाईने सारी उमर खात्याच्या या टोकावरून त्या टोकाचे ओठ वाचले होते.

"गिरणी सुरू झाली की आणतो," मास्तर म्हणाला. आणि मग, जरा हसून, "मावशी, घुबड येतं आता."

"चूक झाली रं, लेकरा," रंभाबाई म्हणाली. मोठ्याने बोलायची गरजच नव्हती.