माझी हरवलेली दोन पाती

मित्रांनो, माझ्यासारखा पंखा तुम्ही पाहिला नसेल. मी छताला टांगलेला नसतो आणि कोणाला वाराही देत नाही. मी मच्छीमार बोटीच्या इंजिनातला, तळहातावर मावणारा रबराचा पंखा आहे, आणि आता जुना झालो आहे.

डिझेल इंजिन चालले की तापते. त्याला थंड ठेवायला समुद्राचे खारे पाणी लागते. इंजिनाच्या पुढे एक छोटा पितळी पंप असतो, त्यात माझे घर होते. मी गरगर फिरायचो. माझी सहा पाती दुमडायची आणि उलगडायची, आणि बोटीच्या तळातून पाणी ओढून इंजिन थंड करणाऱ्या कुलरकडे ढकलायची. इंजिनाची उष्णता घेऊन ते पाणी बोटीच्या कुशीतून बाहेर पडायचे. माझे पथ्य एकच, पाण्याशिवाय फिरायचे नाही. पाणीच माझे तेल. कोरडा फिरलो तर मी थोड्याच वेळात जळतो.

माझा जन्म बोईसरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. गरम साच्यातून मला बाहेर काढणारा कामगार शेजाऱ्याला म्हणाला, “ये टिकेगा.” त्याचे ते दोन शब्द मी आशीर्वाद म्हणून जपले. मग एका दुकानातून मला बुधाने घेतले.

बुधा मासवणकडच्या पाड्यावरचा. त्याच्या घरात त्याच्याआधी कोणी समुद्रावर गेले नव्हते. भाताची लावणी उरकली की तो समुद्रकाठच्या मुरबे गावी यायचा आणि वामन तांडेलांच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, बोटीचे इंजिन सांभाळायचा. अक्षरे त्याला फारशी येत नव्हती, पण इंजिनाचा आवाज तो ओळखायचा. रोज सकाळी बोटीबाहेर वाकून तो पडणारे पाणी पाहायचा आणि म्हणायचा, “धार मनगटाएवडी हाय.” ही माझी स्तुती होती. ती ऐकण्यासाठी मी दोन हंगाम जीव तोडून फिरलो.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या काळात मला पंपातून काढून ठेवायचे असते, नाहीतर दुमडलेली पाती तशीच वाकडी राहतात. पण बुधा शेतावर होता आणि दुसऱ्या कोणाला माझी आठवण झाली नाही. दोन महिने मी वाकडा होऊन अंधारात पडून राहिलो.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर कोरड्यात उभी असलेली बोट सजली. मुहूर्त अकराचा होता आणि भरतीचे पाणी बोटीपर्यंत यायला अजून तासभर होता. वामन तांडेलांच्या घरची रीत अशी, की नारळ वाढवताना इंजिन बोलले पाहिजे. त्यांच्या पत्नी मंदाबाय आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या, सारी आळी जमली होती. बुधा हळूच म्हणाला, “तांडेल, पानी येऊ दे.”

तांडेल हसून म्हणाले, “मुहूर्त काय भरतीसाठी थांबतो? मिनिटभर बोलू दे त्याला.”

लोकही हसले. इंजिन सुरू झाले. एका मिनिटाने ते बंद झाले असते, तर कदाचित निभावले असते. पण कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ पुन्हा घ्यायचा होता, मग आरती झाली, मग पेढे वाटले. त्या चार मिनिटांत माझी पाती कोरड्या पितळेवर घासून करपली. जळक्या रबराचा वास उदबत्तीत मिसळून गेला आणि कोणाला कळला नाही.

बोट समुद्रावर गेली तेव्हा मी जमेल तेवढे पाणी ओढत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी दोन पाती मुळापासून तुटली. धार करंगळीएवढी झाली, मग थेंबांवर आली. इंजिनातून वाफ येऊ लागताच बुधाने ते बंद केले.

बोट तारापूरच्या समोर होती आणि वारा तिला किनाऱ्याकडे ढकलत होता. नांगर टाकला, पण तळ खडकाळ, तो धरेना. तिथल्या अणुऊर्जा प्रकल्पाचे घुमट हळूहळू मोठे दिसू लागले आणि त्यांच्या अलीकडे खडकांवर फुटणारा पांढरा फेसही. बोटीवर पाच माणसे होती. देवू नावाचा खलाशी सदा चेष्टा करायचा. तो म्हणाला, “इंजिनाला ताप आला, त्याला गोळी द्या.” पण त्याच्या चेष्टेवर त्या दिवशी तोही हसला नाही.

बुधाने समुद्राचे पाणी आत घेणारा तळाचा कॉक बंद केला, पंपाचे झाकण उघडले आणि पकडीने मला बाहेर ओढले. त्याच्याजवळ नवा पंखा होता. तांडेल म्हणाले, घाल तो आणि चालू कर. बुधा मात्र मला बोटात फिरवून पाती मोजत होता.

“चारच हायेत. दोन गेली कुटं? ती गावल्याबिगर नवा बसवनार नाय.”

“खडक दिसतात का तुला?” तांडेल ओरडले.

“दिसतात, म्हनूनच सांगतो. पाती आत अडकली असली तर नवा बी पानी देनार नाय. खडकाजवळ जाऊन बंद पडला, मंग?”

मग तांडेलांनी स्वतः बॅटरी हातात घेतली आणि त्याच्यासाठी उजेड धरला.

बुधाने पाइप सोडवला. एक पाते वळणातच सापडले. दुसरे कुलरच्या तोंडाशी शेवाळासारखे चिकटले होते. तारेचा आकडा करून त्याने ते काढले, तोवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज इंजिनघरात येऊ लागला होता. बांगडीचे तुकडे जुळवावेत तशी त्याने दोन्ही पाती मला लावून पाहिली. “झाली सा,” तो म्हणाला. सहाही पाती मिळाली होती.

सुरुवातीला कोरडा घासू नये म्हणून नव्या भावाला साबण लावून त्याने माझ्या घरात बसवले, पाइप जोडला, झाकण आवळले, कॉक उघडला. इंजिन सुरू झाले. आधी नुसती हवा आली. मग थुंकल्यासारखे थोडे पाणी, आणि मग भरघोस धार. देवू बोटीबाहेर वाकून कितीतरी वेळ त्या धारेखाली हात धरून राहिला. बोटीचे तोंड फिरले आणि घुमट पुन्हा लहान होऊ लागले. माझ्या जागी दुसरा फिरत होता, पण मित्रांनो, खरे सांगतो, मला हेवा वाटला नाही. माझ्या तुकड्यांमुळे कोणी बुडणार नव्हते, एवढ्यानेच मी हलका झालो.

परतताना वामन तांडेल बुधाजवळ येऊन बसले. सगळ्यांना ऐकू जाईल असे ते म्हणाले, “पूजेला तू थांब म्हनालास. मी आयकला नाय. चूक माजी हाय.”

बुधा मला फडक्याने पुसत होता. तो म्हणाला, “चूक माजी बी हाय तांडेल. मला ठावं होता, तरी मी हळू बोललो. आता मोट्यानं बोलन.”

मित्रांनो, यंत्र सुरू करण्याआधी त्याला पाणी मिळते की नाही ते पाहा. काम संपल्यावर त्याला काढून, पुसून ठेवा. आणि एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर समोर कितीही मोठी माणसे असोत, ती त्यांना ऐकू जाईल अशी सांगा.